अकुन्या विसाव्या फेरीत : एका कीपर लीगमधला वाद आणि त्याचा निकाल

२६ मे २०२४, रविवार. पिट्सबर्गमधला सामना नुकताच सुरू झाला होता. अटलांटा ब्रेव्ह्जचा रोनाल्ड अकुन्या ज्युनियर डबल मारून दुसऱ्या बेसवर पोचला. तिथून तिसऱ्या बेसकडे निघाला, वाटेत थांबला, मागे फिरायला गेला आणि डावा गुडघा मुडपला. ना कुणाचा धक्का, ना टक्कर, नुसतं वळताना. रात्री बातमी आली की एसीएल, म्हणजे गुडघ्यातला बंध, फाटलाय आणि त्याचा हंगाम संपलाय. २०२१ च्या जुलैत उजव्या गुडघ्याचं हेच झालं होतं.

आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, या माणसाने .३३७ च्या सरासरीने ४१ होमरन मारले होते आणि ७३ बेस चोरले होते, म्हणजे फटक्याची वाट न बघता धावून पुढचा बेस गाठला होता. एका हंगामात ४० होमरन आणि ७० चोऱ्या त्याच्याआधी कुणालाच जमल्या नव्हत्या. त्यामुळे आमच्या फँटसी बेसबॉल लीगच्या २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडायच्या बैठकीत, पहिलं नाव त्याचंच पुकारलं गेलं. या खेळात आम्ही खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करतो आणि त्यांच्या खऱ्या आकडेवारीवर गुण मोजतो.

सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी होती. दुपारी त्याच्या आमच्या लीगमधल्या मालकाने त्याला ड्रॉप केलं, म्हणजे संघातून सोडलं. बुधवारी सकाळी दुसऱ्या एका मालकाने त्याला वेव्हरवरून, म्हणजे सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून, उचललं. एवढंच घडलं. पण त्यावरून पुढे आमची लीग मोडायची वेळ आली. मी या लीगचा कमिशनर आहे. नियमांची वही माझ्याकडे असते, म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची जबाबदारीही माझीच.

पहिल्या मालकाला मी इथे ‘सोडणारा’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘उचलणारा’. दोघे एकमेकांचे साडू आहेत. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण वादात निम्मं तेल याच नात्याने ओतलं.

आमची लीग आणि तिचा कीपर नियम

बारा संघ, बारा मराठी घरं. दहा न्यू जर्सीत, दोन अटलांटाच्या आसपास. लीग रोटिसरी पद्धतीची आहे. १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी हा खेळ सुरू केला आणि न्यूयॉर्कमधल्या ‘ला रोटिसरी फ्रांसेज’ या ज्या रेस्टॉरंटात ते जमायचे, त्याचं नाव खेळाला चिकटलं. त्यांच्याकडे २६० डॉलरांत २३ खेळाडू लिलावात घ्यायचे असत. आमच्याकडे लिलाव नाही, नागमोडी ड्राफ्ट आहे. २३ फेऱ्या. पहिल्या फेरीत जो शेवटी निवडतो तो दुसऱ्या फेरीत पहिला निवडतो. गुण दहा रकान्यांत : फलंदाजीचे रन, होमरन, आरबीआय (आपल्या फटक्यावर आलेले रन), चोऱ्या आणि सरासरी, गोलंदाजीचे विजय, सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणं), स्ट्राइकआउट, ईआरए (नऊ डावांमागे दिलेले रन) आणि व्हिप (दर डावामागे दिलेले हिट आणि वॉक). ईआरए आणि व्हिप जितके कमी तितके चांगले. प्रत्येक रकान्यात पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १.

आता कीपर. साध्या लीगमध्ये दरवर्षी पाटी कोरी होते. कीपर लीगमध्ये काही खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखता येतात, पण फुकट नाही. आमच्याकडे प्रत्येक संघाला चार. ज्या फेरीत घेतलात त्याच्या तीन फेऱ्या वरची निवड त्याच्यासाठी मोजायची. यंदा नवव्या फेरीत घेतलेला खेळाडू पुढच्या वर्षी हवा असेल, तर सहाव्या फेरीत तुम्हाला नाव पुकारता येत नाही. ती फेरी त्याच्या नावावर खर्ची पडते. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी फेरी. एक खेळाडू जास्तीत जास्त तीनदा. आणि पहिल्या तीन फेऱ्यांतला खेळाडू राखताच येत नाही, कारण तीन फेऱ्या वर सरकायला जागाच उरत नाही.

यामागचा विचार मला आजही पटतो. राखण्याचा हक्क ही पारख केल्याची बक्षिसी आहे. ज्याने तेराव्या फेरीत हिरा ओळखला, त्याला तो दोन-तीन वर्षं मिरवू द्यावा. पण दरवर्षी किंमत चढावी, म्हणजे हिरा शेवटी बाजारात परत येईल. आणि अव्वल दर्जाचे खेळाडू दरवर्षी सगळ्यांसाठी खुले राहावेत.

जे ड्राफ्टमध्ये कुणीच घेतले नाहीत आणि हंगामात उगवले, त्यांचं काय? त्यांना फेरी नाही, मग किंमत कुठून आणायची? त्यासाठी वहीत एक ओळ होती. जशीच्या तशी देतो (फ्री एजंट म्हणजे कुणाच्याच संघात नसलेला खेळाडू) :

‘कलम ७ (आ) : हंगामात वेव्हर किंवा फ्री एजंट यादीतून घेतलेला खेळाडू पुढच्या वर्षी विसाव्या फेरीच्या किमतीत राखता येईल.’

ही ओळ लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे नवखे खेळाडू होते. गोलंदाज स्पेन्सर स्ट्रायडर २०२२ च्या सुरुवातीला ब्रेव्ह्जच्या बुलपेनमध्ये, म्हणजे मागून येणाऱ्या गोलंदाजांत होता, मे संपताना तो स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा गोलंदाज झाला. आमच्याकडे सोडणाऱ्याने त्याला तेव्हा फुकटात उचललं. तो स्वतः अटलांटाजवळ राहतो, ब्रेव्ह्जचा एकही सामना चुकवत नाही, त्यामुळे त्याला ते आधी दिसलं. २०२३ मध्ये स्ट्रायडर विसाव्या फेरीत, २०२४ मध्ये सतराव्या. २०२३ मध्ये या पोराने २८१ स्ट्राइकआउट काढले. कुणीही कुरकुर केली नाही. कलम ७ (आ) याच कामासाठी होतं.

सोडणाऱ्याने सोडलं का

हा प्रश्न नंतर फार कुत्सितपणे विचारला गेला. म्हणून सोमवारी त्याच्यापुढे काय होतं ते नीट बघू.

आयएलच्या, म्हणजे जखमी यादीच्या जागा आमच्याकडे प्रत्येक संघाला दोनच होत्या. त्याच्या दोन्ही भरलेल्या. एका जागी स्ट्रायडर. एप्रिलमध्ये कोपराची शस्त्रक्रिया होऊन तोही वर्षभरासाठी गेला होता. दुसऱ्या जागी यांकीजचा गोलंदाज गेरिट कोल. मार्चमध्ये कोपर सुजल्याने तो आमच्याकडे नवव्या फेरीपर्यंत घसरला होता आणि जूनमध्ये परतणार होता. स्ट्रायडरला पुढच्या वर्षी चौदाव्या फेरीत राखता येणार होतं, कोलला सहाव्या. अकुन्याला? कुठेच नाही. पहिल्या फेरीत घेतलेला, त्यामुळे नियमानेच बाद.

म्हणजे अकुन्या त्याच्यासाठी उरलेल्या हंगामात शून्य होता आणि पुढच्या वर्षीही शून्य. तो ठेवायचा तर बेंचवरची एक जागा चार महिने अडवून बसणार. त्याच्या जागी मी असतो तरी सोडलंच असतं. पहिल्या क्रमांकाची निवड मेमध्ये हातातून गेली, आवडत्या संघाचा आवडता खेळाडू गेला, आणि तरी त्याने डोकं शांत ठेवून बरोबर हिशेब केला.

पण नेमकं इथेच नियमातलं भोक उघडं पडलं. जो खेळाडू मूळ मालकाला कुठल्याही किमतीत राखता येत नव्हता, तोच दुसऱ्या कुणी उचलला की विसाव्या फेरीत राखता येणार होता. संघ बदलताक्षणी त्याची किंमत पुसली जात होती. आमच्या वहीने किंमत खेळाडूला न बांधता व्यवहाराला बांधली होती, आणि सात वर्षांत हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

वेव्हरचा क्रम

वेव्हर म्हणजे सोडलेला खेळाडू दोन दिवस तिष्ठत राहतो. त्या मुदतीत ज्यांनी मागणी टाकली त्यांच्यात ज्याचा नंबर वर, त्याला तो मिळतो. उचलणाऱ्याचा नंबर चौथा होता. त्याच्या वरच्या तिघांपैकी कुणीही मागितलं असतं तर अकुन्या त्यांचा झाला असता. कुणीच मागितलं नाही. त्या तिघांत दुसरा नंबर माझा होता. माझी आयएलची एक जागा रिकामी होती आणि कलम ७ (आ) मीच टाइप केलेलं होतं. तरी मला सुचलं नाही.

साडूंनी संगनमत केलं, हा आरोप ऑक्टोबरमध्ये झाला तेव्हा मी हीच नोंद सगळ्यांपुढे ठेवली. संगनमत करणारा माणूस आपला माल तीन परक्या दारांवरून फिरवून साडूच्या घरी पाठवत नाही. शिवाय बदल्यात सोडणाऱ्याला काही मिळाल्याची एकही खूण नव्हती. त्या वर्षी दोघांत एकही ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, झाला नव्हता. हा आरोप करणाऱ्याने नंतर तो मागे घेतला, पण बायकांपर्यंत बोलणं पोचलं होतं, आणि दिवाळीच्या फराळाला त्या दोन बहिणींच्या घरी जे वातावरण होतं त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. खेळाच्या नियमातली एक ढिली ओळ माणसांच्या नात्यात जाऊन बसते, ती अशी.

भरलेली किंमत

‘फुकटात मिळालाय’ असं सगळे म्हणत होते. ते खरं नव्हतं. उचलणाऱ्याने अकुन्याला जूनपासून सप्टेंबरअखेर आयएलच्या एका जागेत ठेवलं. जूनच्या मध्यावर डॉजर्सचा गोलंदाज योशिनोबू यामामोतो खांदा दुखावून बसला, तो गेला दुसऱ्या जागेत. ऑगस्टमध्ये टायलर ग्लासनाओचं कोपर गेलं. आता जागा नाही. अकुन्याला सोडलं असतं तर ग्लासनाओला आयएलमध्ये ठेवून एक धडधाकट गोलंदाज आणता आला असता. त्याने अकुन्याला सोडलं नाही. यामामोतो सप्टेंबरमध्ये परतेपर्यंत एक गोलंदाज कमी घेऊन खेळला.

३० सप्टेंबरचा सोमवार आठवतो. हेलीन वादळामुळे पुढे ढकललेले मेट्स आणि ब्रेव्ह्जचे दोन सामने त्या एका दिवसात अटलांटात झाले, आणि तोवर आमचं गुणपत्रक पक्कं होत नव्हतं. उचलणारा दीड गुणाने चौथा आला. आमच्याकडे तिसऱ्याला प्रवेश फी परत मिळते. स्ट्राइकआउटच्या रकान्यात एक पायरी आणि विजयांच्या रकान्यात अर्धी चढला असता तर बरोबरी होती. म्हणजे किंमत त्याने मोजली होती, रोख मोजली होती, आणि वहीतल्या एका ओळीवर विसंबून मोजली होती. माझ्या निर्णयात याला सगळ्यात जास्त वजन होतं.

वाद

ऑक्टोबरच्या मध्यावर त्याने ग्रुपवर आपले चार संभाव्य कीपर टाकले. यादीत : अकुन्या, फेरी २०.

तासाभरात साठेक मेसेज. बहुतेक रागाचे. सूर तीन होते. पहिला : नियम लिहिलेला आहे, विषय संपला. दुसरा : नियमाचा हेतू नवख्यांसाठी होता, अकुन्या पहिल्या फेरीचा, त्याला राखू देणं म्हणजे हेतूचा खून. तिसरा, मधला : आठवी-दहावी फेरी लावा आणि मिटवा.

मधला मार्ग सगळ्यात समंजस वाटतो आणि मला तोच सगळ्यात चुकीचा वाटला. आठवी का? सहावी का नाही? वहीत नसलेला आकडा बाराजणांच्या मूडवरून ठरवला, की पुढच्या प्रत्येक वादात असाच आकडा मागितला जाणार.

दुसऱ्या गटाच्या म्हणण्यात मात्र दम होता, आणि त्यांचा धाक खोटा नव्हता. बारा संघांच्या ड्राफ्टमध्ये विसाव्या फेरीत २२९ ते २४० क्रमांकाचे खेळाडू जातात. तिथे जे मिळतं ते जवळपास फ्री एजंट यादीतही मिळतं. म्हणजे अकुन्या जे काही करेल ते सगळं निव्वळ नफा. आणि हा नफा इतर अकराजणांच्या खिशातून येतो. लिलावी लीगमध्ये हे आकड्यांत दिसतं : बारा संघांचे मिळून ३१२० डॉलर. समजा कीपरवर एकूण ६०० खर्च झाले, पण त्यांची खरी लायकी १००० ची आहे. उरले २५२० डॉलर आणि बाजारात माल २१२० चा. म्हणजे प्रत्येक खेळाडू १९ टक्क्यांनी महाग. ४० चा खेळाडू साडेसत्तेचाळीसला जाणार. स्वस्त कीपर एकाचा, महागाई सगळ्यांची. ड्राफ्टमध्ये डॉलर दिसत नाहीत, पण गणित तेच.

याच दिवसांत, ३१ ऑक्टोबरला, आयपीएलच्या रिटेन्शन याद्या आल्या. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू ‘अनकॅप्ड’ धरायचा, या नियमाने चेन्नईने धोनीला ४ कोटींत राखलं. आधी तो १२ कोटींना राखलेला. आमच्या ग्रुपवर लगेच तुलना सुरू झाली आणि ती बिनबुडाची नव्हती. दोन्हीकडे खेळाडूची लायकी आणि नियमातली किंमत यांची फारकत झाली होती. फरक एवढाच की तिथे नियम याद्यांच्या आधी जाहीर होता आणि सगळ्यांना ठाऊक होता. आमच्याकडेही जाहीर होता. फक्त कुणी वाचला नव्हता.

नोव्हेंबरमध्ये एका रात्री उचलणाऱ्याचा फोन आला. तो लीगमध्ये सगळ्यात लहान, मला दादा म्हणतो.

“दादा, एकच विचारतो. मी नियम मोडलाय का?”

“नाही.”

“मोडला असेल तर सांगा, आत्ता सोडतो त्याला. पण नसेल मोडला, तर ज्येष्ठ साडूंच्या घरी गेलो की मान खाली घालून का बसायचं मी?”

त्यानंतर ‘बघू, करू’ म्हणत वेळ काढणं मला शक्य नव्हतं.

मेजर लीगमध्ये काय होतं

मी खऱ्या बेसबॉलच्या नियमांकडे गेलो, कारण हा पेच तिथे फार पूर्वी सुटलेला आहे. तिथे वेव्हर आणि फ्री एजंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आम्ही त्या एका ओळीत कोंबल्या होत्या.

ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस एंजल्सने लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ आणि मॅट मूर यांना वेव्हरवर टाकलं. क्लीव्हलंडने तिघांनाही मागितलं. त्यांच्याबरोबर त्यांचे करारही आले. उरलेला पगार क्लीव्हलंडने भरला. वेव्हरवर मागितलं की किंमत सोबत येते. याउलट मे २०२१ मध्ये एंजल्सने अल्बर्ट पुहोल्सला मोकळं केलं. त्याचा त्या वर्षीचा ३ कोटी डॉलरांचा करार वेव्हरवर कुणीच अंगावर घेतला नाही. तो फ्री एजंट झाला आणि डॉजर्सनी त्याला किमान पगारात घेतलं; बाकीचे पैसे एंजल्सच देत राहिले. वेव्हर पार झाला की जुनी किंमत मागे राहते.

माझा पहिला मसुदा यावरूनच होता : वेव्हरवर घेतला तर मूळ फेरी सोबत, वेव्हर पार करून आला तर विसावी. सुबक दिसत होता. सोडणाऱ्याला दाखवला. त्याने दोन मिनिटांत त्यात भोक दाखवलं. “अरे, मग अकुन्याला वेव्हरवर कुणी मागणारच नाही. सगळे दोन दिवस थांबतील आणि तिसऱ्या दिवशी पहाटे उठून विसाव्या फेरीत नेतील.” बरोबर होतं. खऱ्या लीगमध्ये जुना मालक पैसे देत राहतो, म्हणून ते चालतं. आमच्याकडे जुना मालक काहीच देत नाही.

मग दुसरं टोक : ड्राफ्टमधली फेरी वर्षभर खेळाडूला चिकटलेली, कितीही वेळा सोडला-उचलला तरी. बऱ्याच लीगांत असंच असतं. पण त्याने पारखीची बक्षिसी मरते. पाचव्या फेरीतला फलंदाज एप्रिलमध्ये गळपटला, मालकाने वैतागून सोडला, जुलैत कुणीतरी त्याच्या फटक्यातला बदल ओळखून त्याला आणला. त्या माणसाने दुसरी फेरी का मोजावी? मूळ मालकाने खेळाडूला तोलून नाकारलं होतं. दुसऱ्याने तोलून घेतलं.

आणि हाच फरक मला सापडला. धडधाकट खेळाडू सोडणं हा त्याच्या खेळाबद्दलचा निवाडा असतो. जखमी खेळाडू सोडणं हा जागेचा प्रश्न असतो. अकुन्या वाईट खेळतो असं २७ मेला कुणाचंच मत नव्हतं. निवाडा झालाच नाही, तर किंमत पुसण्याचं कारणही नाही.

कधीपासून

डिसेंबरमधल्या एका शनिवारी माझ्या बेसमेंटमध्ये सगळे जमले. अटलांटाचे दोघे फोनवर. सोडणाराही त्यातच.

मी आधीच सांगितलं की मी मत देणार नाही. वेव्हरवर माझा नंबर वर होता. अकुन्या रद्द झाला तर तो ड्राफ्टमध्ये परत येणार आणि त्यात माझाही फायदा होता. नियमबदलाला आमच्याकडे आठ मतं लागतात. उरलेल्या अकरांत आठ.

मग एक गोष्ट केली जी मला आजही योग्य वाटते. काय बदलायचं यावर बोलण्याआधी, कधीपासून बदलायचं यावर मत मागितलं.

रद्द करा म्हणणाऱ्यांचा मुद्दा ठाम होता : “२०२५ चा हंगाम अजून सुरूच झाला नाही. आत्ता बदललं तर ते मागून बदलणं कसं?” साध्या लीगमध्ये हे अगदी खरं आहे. तिथे हिवाळ्यात काहीही बदला. पण कीपर लीगमध्ये दोन हंगामांच्या मधली जागा कधीच रिकामी नसते. मेमध्ये कुणाला उचललं, ऑगस्टमध्ये कुणाला सोडलं नाही, कुणासाठी दीड गुण गमावले, हे सगळे निर्णय पुढच्या वर्षीच्या किमतीवर नजर ठेवून घेतलेले असतात. डिसेंबरात किंमत बदलली की मेमधला निर्णय बदलतो, आणि तो माणूस मेमध्ये परत जाऊ शकत नाही.

मग मी एक कागद वाटला. कलम ७ (आ) खाली आलेले आणि २०२५ मध्ये विसाव्या फेरीत राखता येणारे खेळाडू, प्रत्येक मालकाच्या नावापुढे. सात संघांकडे असा कुणी ना कुणी होता. सगळ्यात वरचं नाव पॉल स्कीन्स. पिट्सबर्गने त्याला ११ मे २०२४ ला वर आणलं. आमच्याकडे ड्राफ्टमध्ये तो कुणीच घेतला नव्हता. १.९६ ईआरए, नॅशनल लीगचा रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवखा. रद्द करा म्हणून सगळ्यात मोठ्याने बोलणारा त्याचा मालक होता. तो कागद बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “स्कीन्सला हात लावलात तर मी चाललो.” पुढे कुणाला काही समजावावं लागलं नाही.

मतं : आठ विरुद्ध तीन. कीपरच्या किमतीतला कुठलाही बदल त्यानंतरच्या ड्राफ्टपासून मिळवलेल्या खेळाडूंनाच लागू होईल. अकुन्या, फेरी २०, कायम.

नंतर कलमाचा नवा मजकूर दहा विरुद्ध एक मताने पास झाला :

‘आयएलवर असताना सोडलेला खेळाडू त्या वर्षीची आपली ड्राफ्ट फेरी हंगाम संपेपर्यंत सोबत नेतो, मग तो कुणीही आणि कधीही घेवो. धडधाकट असताना सोडलेला आणि वेव्हर पार केलेला खेळाडू विसाव्या फेरीचा. ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला खेळाडू विसाव्या फेरीचा.’

आयएलची तिसरी जागाही वाढवली. ते खरं तर आधीच करायला हवं होतं. दोनच जागा नसत्या तर सोडणाऱ्याला सोमवारी एवढी घाई झाली नसती.

पुढे काय झालं

त्या वर्षी डॉजर्स आणि कब्ज यांचे पहिले सामने १८ आणि १९ मार्चला टोकियोत होते, म्हणून कीपर जाहीर करायची मुदत अलीकडे ओढून ७ मार्च, शुक्रवार केली होती. सोडणाऱ्याने स्ट्रायडर चौदाव्या फेरीत आणि कोल सहाव्या फेरीत राखला. शनिवारी बातमी आली की कोलचं कोपर पुन्हा दुखतंय. ११ मार्चला टॉमी जॉन शस्त्रक्रिया, पूर्ण वर्ष बाद. ड्राफ्टला अजून दोन आठवडे होते.

ग्रुपवर दोघातिघांनी स्वतःहून लिहिलं की त्याला कोल बदलू द्या. मी काही लिहायच्या आत त्याचाच मेसेज आला : “मुदत शुक्रवारची होती. सहावी फेरी गेली.” त्याच संध्याकाळी त्याच्या धाकट्या साडूचा मला फोन आला. बोलणं कोलबद्दलच झालं, पण आवाज मोकळा होता.

अकुन्या २३ मे २०२५ ला परतला आणि पाद्रेजविरुद्ध समोर आलेल्या पहिल्याच चेंडूवर होमरन मारला. मी तो घरी बघत होतो. उचलणाऱ्याचा संघ असूनही उठून टाळ्या वाजवल्या. ९५ सामन्यांत .२९० ची सरासरी, २१ होमरन, नॅशनल लीगचा कमबॅक प्लेयर ऑफ द इयर. पण चोऱ्या फक्त ९. दोन्ही गुडघे शिवलेला माणूस ७३ बेस चोरत नाही, आणि आमच्या दहा रकान्यांत त्याच्या अवाढव्य किमतीचा मोठा वाटा त्या चोऱ्यांचाच होता. विसाव्या फेरीत ही चंगळच होती, पण ज्याच्या भीतीने लीग फुटायला निघाली होती ते हे नव्हतं. त्या वर्षी विसाव्या फेरीचा खरा चमत्कार स्कीन्स ठरला : १.९७ ईआरए आणि एकमताने साय यंग, म्हणजे सर्वोत्तम गोलंदाजाचा पुरस्कार. स्ट्रायडर चौदाव्या फेरीत ७ विजय, १४ पराभव.

अकुन्या जुन्या कलमाखालचा असल्याने २०२६ साठी त्याची किंमत सतरावी फेरी आणि २०२७ साठी चौदावी. त्यानंतर तो सगळ्यांसाठी परत खुला.

नव्या कलमाची पहिली परीक्षा २०२५ च्या जूनमध्येच झाली. ॲरिझोनाच्या कॉर्बिन बर्न्सचं कोपर गेलं, तीच टॉमी जॉन शस्त्रक्रिया. आमच्याकडे तो तिसऱ्या फेरीत गेला होता, म्हणजे राखता न येणारा. मालकाने आयएलवर असतानाच सोडला. दोन दिवस वेव्हर. मी मध्यरात्री जागा राहून यादी उघडली. एकही मागणी नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत बर्न्सचं नाव फ्री एजंट यादीत वरून दुसरं होतं, आणि बाराजणांपैकी कुणीही त्याला हात लावला नाही.